चमनचाचांच्या कपाटातली निळी अत्तरदाणी

१

शुक्रवारी दिवेलागणीला नसरीननं कपाटातला दिवा लावला आणि ती जागच्या जागी थबकली.

"अब्बा, निळी कुठाय?"

चमनचाचा अत्तार खुर्चीतून उठले. गळ्यातल्या काळ्या दोऱ्याला कपाटाची किल्ली होती. एकुलती एक. आंघोळीलासुद्धा ती गळ्यातून निघत नसे. त्यांनी कुलूप उघडलं, मधल्या कप्प्यात हात घातला आणि पार मागच्या आरशापर्यंत चाचपलं. चांदीची गुलाबदाणी हाताला लागली, हस्तिदंती डब्या लागल्या. निळी अत्तरदाणी नव्हती.

कुलपावर ओरखडा नव्हता. काच शाबूत होती. बिजागऱ्या जागेवर होत्या.

शनिवार पेठेत त्या कपाटाला सगळे ओळखत. रंगूनच्या सागवानाचं, माणसाहून उंच. बाजू भरीव लाकडाच्या, समोर जाड काचेचं दार आणि पाठीला वरपासून खालपर्यंत जुना आरसा. चाचांनी जन्मभर अत्तर विकलं आणि मिळेल तिथून अत्तरदाण्या जमवल्या. पेठेत कुणाकडं पाहुणे आले की त्यांना अंबाबाईचं दर्शन झाल्यावर चाचांचं कपाट दाखवायला आणत. त्यात राणी म्हणजे ती निळी. वीतभर उंच, मोरपंखी रंगाच्या काचेची, वर चांदीचं झाकण. कपाटातला दिवा लागला की समोरच्या भिंतीवर निळा उजेड पडायचा.

आज भिंत पांढरीच राहिली.

चाचांनी कपाटाचं दार परत लावलं. "रविवारी प्रदर्शन हाय, बेटी. अख्ख्या कोल्हापूरला सांगून बसलोय मी."

नसरीनला सासऱ्यांच्या चेहऱ्याचीच भीती वाटली. तिनं फोन उचलला. पोलिसांना नाही, संघप्रियाला.

२

संघप्रिया कांबळेचं बिंदू चौकाजवळ चष्म्याचं दुकान होतं. डोळे तपासण्याचं रीतसर शिक्षण घेतलेली, चाळिशीची, तुटक बोलणारी बाई. दोन वर्षांमागं देवळातला चोरीला गेलेला मुकुट तिनं शोधून दिला होता. तेव्हापासून पेठेत कुणाचं काही हरवलं की आधी तिला बोलावणं जाई. तिलाही ते मनापासून आवडे. गिऱ्हाइकाला सोडून ती अशी निघायची, जशी एखादी पोरगी जत्रेला निघते.

शनिवारी सकाळी ती चाचांच्या हॉलमधे शिरली आणि पहिल्यांदाच हिरमुसली. कपाट गोधड्यांत गुंडाळून दोरीनं आवळलेलं होतं. आतल्या वस्तू टेबलावर मांडल्या होत्या.

"हे कुणी बांधलं?"

"मी." चाचांच्या शेजारी बसलेले धैर्यशील सरनोबत म्हणाले. चाचांचे तीस-पस्तीस वर्षांपासूनचे दोस्त. तेही शौकीन, जुनी घड्याळं आणि काचसामान जमवणारे. पांढरा मलमलचा झब्बा, मऊ आवाज. "चमनभाई रात्रभर त्या कपाटाकडं बघत बसले होते. मला म्हणाले, माझ्या नजरेसमोरून हे घेऊन जा. मग सकाळी येऊन मीच एकेक वस्तू बाहेर काढली. गडहिंग्लजचं एक गिऱ्हाईक आहे, दुपारी टेंपो येईल."

"लई घाई केलीसा, चाचा," संघप्रिया म्हणाली.

"मढं घरात ठेवू का?" चाचा गरजले. "ज्यात निळी न्हाय, ते कपाट मला नको."

"चोर कोण, तुमाला वाटतंय?"

चाचांनी गळ्यातली किल्ली मुठीत धरली. धैर्यशीलनीच सुस्कारा टाकला. "गणपती सुतार. दुसरं कोण? गेल्या आठवड्यात त्यानं कुलूप काढून दुरुस्त केलं. तेव्हाच किल्ली बनवून घेतली असणार. आणि काल दुपारी कपाटाच्या पायाखाली पाचर मारायला आला, तेव्हा खोलीत एकटाच होता. पण मी म्हणतो, पोलीस नकोत. गरीब माणूस आहे, मोह झाला असेल."

संघप्रियानं नसरीनला स्वयंपाकघरात नेलं. "शुक्रवारी कोण कोण आलतं? सकाळपास्नं सांग."

नसरीन सांगू लागली. सकाळी क्रांती आली, फोटोग्राफर मुलगी. प्रदर्शनाच्या पुस्तिकेसाठी फोटो काढायचे होते. मागोमाग धैर्यशीलकाका आले, मदतीला. "काखेत पेपरात गुंडाळलेलं चपटं काहीतरी हुतं. बायकोच्या फोटोची फ्रेम करून आणलीय म्हणाले. अब्बांनी कपाट उघडलं, वस्तू टेबलावर काढल्या, क्रांतीनं फोटो घेतले. अब्बांच्या डोळ्यांचं तर तुमाला ठावं हाय."

संघप्रियाला ठाऊक होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन पुढच्या महिन्यात. चाचांना सगळं धुक्यातून दिसत होतं.

"म्हणून वस्तू परत काकांनी मांडल्या. तवर जुम्म्याची वेळ झाली. अब्बांनी गडबडीनं कुलूप घातलं आन् मशिदीत गेले. क्रांतीनं बंद कपाटाचा एक फोटो घेतला. मग दोघंबी गेली."

"जाताना त्यांच्याकडं काय हुतं?"

"क्रांतीच्या बॅगेत मी सोत्ता खिरीचा डबा घातला. बॅगेत कॅमेरा सोडून काय बी न्हवतं. काका तर हात हलवत गेले. त्या मलमलीत रुमाल सुद्धा दिसला असता, वीतभर अत्तरदाणी कशी लपंल?"

"मग राहिला गणपतीच," संघप्रिया पुटपुटली.

नसरीननं तिचा हात धरला. "ताई, त्यानं माझ्या लेकीचा पाळणा केलता. पैसं घेतलं न्हाईत. तो चोर असला तर मी माणूस वळखायचंच सोडून देईन."

३

गणपतीच्या दुकानासमोर चार माणसं उगाचच उभी होती. संघप्रियाला बघून ती पांगली. आत यंत्र बंद होतं. गणपती भुश्शात बसला होता आणि त्याची बायको सोनूबाई दारात उभी होती, कमरेला पदर खोचून.

"तुमीबी झडती घ्यायला आलाय काय?" सोनूबाई म्हणाली. "घ्या. चूल बी उकरा. सकाळपास्नं दोन गिऱ्हाइकं दारं परत न्यायला आली. म्हणत्यात, न्हाय करून घ्यायचं तुमच्याकडनं. पोरीचं लगीन ठरतंय आमच्या. कोडोलीच्या पावण्यांचा फोन आला, आमी जरा थांबतो म्हणून."

"मी झडती घ्यायला आले न्हाय, काकू. ऐकायला आलेय."

गणपतीनं मान वर केली. "ऐकून कोण घेतंय? काल मी पाचर मारायला गेलतो, तवाच निळी बाटली जाग्यावर न्हवती."

संघप्रिया ताठ झाली. "आन् तुमी बोलला न्हाईसा?"

"मला वाटलं, फोटोवाल्या बाईनं नेली. मोठ्यांच्या वस्तू, मी कशाला इचारू? आता सांगतोय तर म्हणत्यात, चोर असंच बोलणार की."

"कुलपाचं काय?"

"कुलूप काढलं चाचांच्या म्होरं, बसवलं त्यांच्या म्होरं. किल्ली त्यांच्या गळ्यातच. तिला माझा हात लागला न्हाय. सरनोबतसाहेब बी तिथंच हुते की. त्यांनाच इचारा. उलट त्यांनी माझ्याकडनं कपाटाची मापं घेतली. आतली, भायरली, कप्प्यांत काच बसवायच्या खाचा हायत, त्यांची सुद्धा. तसंच कपाट करून पायजे म्हणाले. ऑर्डर मात्र आली न्हाय."

संघप्रिया उठली. गणपती खरं बोलत असेल, तर अत्तरदाणी त्याच्या आधीच गेली होती. पण त्याच्या आधी तिथून गेलेल्या दोघांनीही ती नेलेली नव्हती. हे कसं शक्य होतं?

"ताई," सोनूबाई पाठीमागून म्हणाली, "खरं निघालं तर ते बी असंच गावभर होईल काय? का फकस्त खोटंच पळतंय?"

 संघप्रियानं स्कूटरला किक मारली.

४

क्रांतीचा स्टुडिओ राजारामपुरीत होता. तिनं दार उघडलं ते रडक्या डोळ्यांनी.

"ताई, माझ्यावर संशय असंल तर सगळं तपासा. एक फोटो बी पुसला न्हाय मी."

"मला दोनच दाखव. कपाट उघडायच्या आधीचा आणि कुलूप घातल्यानंतरचा."

क्रांतीनं मोठ्या पडद्यावर दोन फोटो शेजारी शेजारी लावले. पहिल्यात निळी मधोमध झळकत होती. दुसऱ्यात...

"अगं बाई!" क्रांतीचा हात तोंडावर गेला. "इथंच न्हाय! कुलूप घातलं तवाच न्हवती! मी लाइटी आवरत हुते, घाईत क्लिक केलं. परत बघितलाच न्हाय हा फोटो."

म्हणजे गणपती खरं बोलत होता.  चोरी बंद कपाटातून झालीच नव्हती. कपाट उघडं असतानाच झाली होती. पण मग ती वस्तू खोलीबाहेर गेली कशी? उघड्या हातांनी दोन माणसं निघून गेली आणि वीतभर काच हवेत विरली?

ती पडद्याच्या जवळ गेली. चष्मा कपाळावर सरकवला. एकदा डावा फोटो, एकदा उजवा. पुन्हा डावा.

"हा मधला कप्पा मोठा कर. अजून. गुलाबदाणीवर थांब."

पहिल्या फोटोत गुलाबदाणीच्या मागं आरशात तिचं प्रतिबिंब होतं. लांब, अंधुक, पिवळट, आणि त्यावर काळे डाग. जुन्या आरशाचा पारा उडाला की असे डाग पडतातच. वरच्या कप्प्यात डाग, खालच्या कप्प्यात डाग.

दुसऱ्या फोटोत वरचे डाग तसेच होते. खालचे तसेच. मधल्या कप्प्यात मात्र एकही डाग नव्हता. आणि गुलाबदाणीचं प्रतिबिंब लख्ख, नव्या नाण्यासारखं, तिच्या पाठीला जवळजवळ चिकटलेलं.

"क्रांती," संघप्रियानं पडद्यावर बोट ठेवलं, "तू आरशापासून चार पावलं लांब राहिलीस तर आतली क्रांती तुझ्यापासून किती लांब दिसंल?"

"दुप्पट. आठ पावलं."

"आन् प्रतिबिंब अचानक जवळ आलं तर?"

 क्रांतीचे डोळे विस्फारले. "आरसा जवळ आला!"

"आरसा जवळ आला न्हाय. दुसरा आरसा आलाय. जुन्याच्या म्होरं, कप्प्याच्या खाचेत नवी पट्टी बसवलीय. दोन आरशांच्या मधे वीतभर जागा. समोरनं बघणाऱ्याला वाटतंय कपाटाची पाठच हाय. चाचांनी चाचपलं ते बी ह्याच पट्टीला." संघप्रियानं टाळी वाजवली. "आपण सगळी काय भायर गेलं ते शोधतोय. आत काय आलं, ते कुणी बघितलंच न्हाय! निळी चोरीला गेलेलीच न्हाय. ती त्याच कपाटात बसलीय!"

दोघी एकमेकींकडं बघून हसल्या आणि एकाच वेळी हसायच्या थांबल्या.

संघप्रियानं फोन लावला. "नसरीन! कपाट कुठाय?"

पलीकडून माणसांचा गलका ऐकू आला. "टेंपोत चढवलं की. दोऱ्या बांधत्यात. आता निघंलच."

५

शनिवारची दुपार. क्रांती मागं, संघप्रिया पुढं, आणि स्कूटरचा हॉर्न एकसारखा कोकलत होता. उमा टॉकीजपाशी उसाची ट्रॉली आडवी झाली होती. संघप्रियानं गाडी सरळ फुटपाथवर घातली.

"ओ बाई, डोळं फुटलं काय?" एक भाजीवाला ओरडला.

"न्हाय, उघडल्यात!" क्रांती मागून ओरडली.

शनिवार पेठेच्या तोंडाशी पोचल्या तेव्हा टेंपो गल्लीतून बाहेर पडत होता. संघप्रियानं स्कूटर त्याच्या नाकासमोर आडवी घातली. ब्रेक किंचाळले. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"मरायचं हाय काय, ताई?"

"न्हाय, पावणं. जरा खाली उतरा."

आवाज ऐकून गल्ली गोळा झाली. चाचा नसरीनच्या आधारानं खाली आले. धैर्यशील लगबगीनं पुढं झाले. "काय चाललंय हे? पार्टी वाट बघतीय. उशीर नको."

"एकच मिनिट," संघप्रिया म्हणाली आणि ड्रायव्हरकडं वळली. "पावणं, माल कुठं उतरवायचा?"

"ताराबाई पार्क. सरनोबतसाहेबांचा बंगला."

"गडहिंग्लजला न्हाय?"

"गडहिंग्लज? त्याचं नाव बी काढलं न्हाय कुणी."

 चाचांनी धूसर डोळे दोस्ताच्या आवाजाच्या दिशेनं वळवले. "धैर्या?"

"तात्पुरतं... तात्पुरतं माझ्याकडं ठेवणार होतो," धैर्यशील म्हणाले. त्यांचा मलमलीचा झब्बा पाठीवर घामानं भिजला होता.

"चाचा," संघप्रियानं हात पुढं केला, "किल्ली द्या."

६

गोधड्या सुटल्या. टेंपोतच कपाटाचं दार उघडलं गेलं. कप्पे रिकामे होते. तिन्ही कप्प्यांच्या मागं आरसा. कुणीतरी निराश होऊन च्यक् केलं.

संघप्रियानं मधल्या कप्प्याच्या आरशाच्या कडेला नख घातलं. पट्टी हलली. खाचेतून अलगद वर आली, आणि तिच्या मागं, पिवळट जुन्या आरशाला टेकून, एक मखमली गाठोडं होतं.

तिनं ते चाचांच्या ओंजळीत ठेवलं. चाचांनी सोडलं. त्यांना नीट दिसत नव्हतं, पण बोटांना कळलं. ते एकदम "या अल्ला!" असं ओरडले, की वरच्या मजल्यावरचे पारवे उडाले. उन्हात निळी पेटल्यासारखी झाली आणि चाचांच्या पांढऱ्या दाढीवर निळा उजेड सांडला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. जणू पेठेनं फुटबॉलची फायनल मारली होती.

धैर्यशील मागच्या मागं सरकत होते. क्रांती त्यांच्या वाटेत जाऊन उभी राहिली.

"मी सांगू, का तुमी सांगता?" संघप्रियानं विचारलं. त्यांनी तोंड फिरवलं.

"मग मी सांगते. गेल्या आठवड्यात तुमी गणपतीकडनं खाचंची मापं घेतली. शुक्रवारी पेपरात गुंडाळून आरशाची पट्टी आणली आणि बायकोच्या फोटोची फ्रेम म्हणाला. येताना काखेत हुतं, जाताना हात मोकळे. ती फ्रेम गेली कुठं? चाचांना दिसत न्हाय, क्रांतीची पाठ तुमच्याकडं, वस्तू मांडायचं काम तुमीच मागून घेतलं. निळी मागं ठेवली, पट्टी खाचेत बसवली. चाचांना नमाजाची घाई. त्यांनी कुलूप घातलं आणि तुमची चोरी त्यांच्याच किल्लीनं बंद केली. मग कपाट रिकामं करायला बी तुमीच. दुसऱ्या कुणाचा हात आत जाऊ नये म्हणून. राहिलं एकच काम, चाचांनी कपाट टाकून द्यावं. त्यासाठी चोर लागत हुता. तुमी गणपतीला उभं केलं."

"आन् म्हणं पोलीस नकोत, गरीब माणूस हाय," नसरीन दातओठ खात म्हणाली.

धैर्यशील टेंपोच्या फळीवर टेकले. आता त्यांचा आवाज मऊ नव्हता, फाटका होता.

"हिची जोडीदारीण माझ्याकडं आहे, चमनभाई. वीस वर्षं. हैदराबादच्या बाजारात मिळाली. तुला सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर तू ती मागितली असतीस. रोज रात्री मी तिला एकटी बघायचो. दर शुक्रवारी इथं येऊन हिला बघायचो. दोघी एका फळीवर बघायच्या होत्या मला. मेल्यावर नाही, आता."

"मला मागायची हुतीस की ही," चाचा म्हणाले.

"दिली असतीस?"

चाचांनी विचार केला. सगळी गल्ली त्यांच्या तोंडाकडं बघत होती.

"न्हाय," ते म्हणाले. "मेलो असतो तरी दिली नसती. पण म्हणून मी तुझ्या घरात शिरलो असतो काय?"

धैर्यशीलनी मान खाली घातली.

"पोलिसांना बोलवा, अब्बा," नसरीन म्हणाली.

 चाचांनी अत्तरदाणी सुनेच्या हातात दिली आणि काठी मागितली.

"पोलिसांचं गणपती ठरवील. माझी वस्तू मला मिळाली. त्याची अब्रू अजून भायर हाय. ती पळवली ह्यानं, आन् पळू दिली मी. चल धैर्या. दोघं जाऊ."

७

ती वरात शनिवार पेठ कधी विसरणार नाही. पुढं काठी टेकत चमनचाचा, शेजारी खाली मान घातलेले सरनोबत, मागं संघप्रिया, क्रांती, नसरीन, टेंपोचा ड्रायव्हर आणि अख्खी गल्ली. वाटेत जो भेटला तो विचारत होता, काय झालं? आणि दहा तोंडं एकदम सांगत होती. दुकानातली गिऱ्हाइकं चहाचे कप हातात घेऊनच मागं निघाली.

गणपती गर्दी बघून घाबरून उठला. त्याला वाटलं, धरायलाच आले. सोनूबाई त्याच्या पुढं येऊन उभी राहिली.

चाचांनी आधी हात जोडले. "गणपती, तुझ्या हातावर माझा कधी अविश्वास नव्हता. तरी मी ऐकून घेतलं, तू चोर न्हाईस असं तोंडातनं काढलं न्हाय. चूक झाली माझी."

गणपतीला काय करावं कळेना. त्यानं पुढं होऊन चाचांचे जोडलेले हात खाली घेतले.

मग चाचांनी धैर्यशीलच्या पाठीवर हात ठेवला आणि त्यांना पुढं ढकललं. धैर्यशीलनी घसा साफ केला. ते जमिनीकडं बघून बोलले, "अत्तरदाणी मी लपवली होती. गणपतीचा काही दोष नाही. मी त्याच्यावर खोटा आळ घेतला."

 सगळे सोनूबाईकडं बघत होते. ती दारातून दोन पावलं पुढं आली, खोचलेला पदर तिनं सोडून डोक्यावर घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"पावणं, जरा मोठ्यानं. पल्याडच्या गल्लीला ऐकू गेलं न्हाय."

धैर्यशीलनी डोळे मिटले, मान वर केली आणि पुन्हा म्हणाले. या वेळी मोठ्यानं.